बोट आली नाही म्हणून 'लोकल' फूड फेस्टिव्हल अर्धा बंद

काही वर्षांपूर्वी आम्ही एका छोट्या बेटावर सुट्टीला गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांनी आमचं काही वाईट केलं नाही आणि जे झालं ते दुसऱ्या कुठल्याही बेटावर होऊ शकलं असतं. योगायोगाने तो त्यांच्या फूड फेस्टिव्हलचा वीकेंड होता, धक्क्यावर उतरल्यापासून जिकडे बघावं तिकडे बॅनर, 'बेटाची चव', 'सगळं इथलंच' वगैरे, आम्ही लगेच तिकीट काढलं, मनगटाला ते कागदी बँड बांधून घेतले आणि शनिवारी सकाळी उपाशीपोटी मैदानावर पोचलो तर निम्म्या स्टॉलवर ताडपत्री. चौकशी केली तेव्हा कळलं की दोन दिवस समुद्र खवळलेला होता म्हणून मालाची बोटच आली नाही. म्हणजे जे सगळं इथलंच होतं ते अजून यायचं होतं.

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पण संध्याकाळी दूध आणायला दुकानात गेलो तर तिथेही फळ्या रिकाम्या, ब्रेड संपलेला, फ्रीजमध्ये दुधाच्या शेवटच्या दोन बाटल्या. माझ्या पुढे एक बाई उभ्या होत्या, त्यांनी एक बाटली उचलली, दुसरीला हात लावला, मग माझ्या मनगटावरच्या बँडकडे बघितलं आणि दुसरी तशीच ठेवून निघून गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. ती बाटली घेऊन बाहेर पडताना मला फार ओशाळल्यासारखं झालं. तेव्हापासून कुठल्याही बेटावरच्या फूड फेस्टिव्हलची जाहिरात दिसली की पहिल्यांदा डोक्यात येतं, हा घाट नक्की कोणासाठी घातलाय?

आता कोणी म्हणेल, सुट्टीवर गेलायस, खा, मजा कर, कशाला एवढा विचार. पण या कार्यक्रमांना बऱ्याच ठिकाणी सरकारचा, नाहीतर टुरिझम बोर्डाचा, नाहीतर नगरपालिकेचा पैसा लागलेला असतो, म्हणजे त्या दूधवाल्या बाईंनी भरलेल्या टॅक्समधला. त्यामुळे हा प्रश्न चवीचा कमी आणि पैसा कुठे जातो याचा जास्त आहे. माझं म्हणणं असं की बेटावर सार्वजनिक पैशातून खाण्याचा कार्यक्रम करायचा असेल तर तो आधी बेटावर राहणाऱ्यांना परवडला पाहिजे, त्यांच्या सोयीच्या दिवसांत झाला पाहिजे, आणि वर्षातून एकदा थाटामाटात करण्यापेक्षा वारंवार आणि साधेपणाने झाला पाहिजे. पाहुण्यांनी त्याच पंगतीत येऊन बसावं. पाहुण्यांसाठी वेगळी पंगत मांडून घरच्यांना फक्त वाढायला उभं करणं हा सगळा उलटा कारभार आहे.

बेटाचंच एवढं काय, फेस्टिव्हल तर सगळीकडे होतात, असं वाटेल. पण मोठ्या जमिनीवर फेस्टिव्हल भरला आणि माल कमी पडला तर शेजारच्या गावातून दोन टेम्पो जास्त येतात, विषय संपला. बेटावर शेजारचं गाव म्हणजे समुद्र. जे येतं ते बोटीने किंवा विमानाने, बोटीत जागा ठरलेली, विमानाचं भाडं डोक्यावरून पाणी, आणि हवामान कोणाच्या बापाचं ऐकत नाही. त्यामुळे तीन दिवसांसाठी हजारो जादा तोंडं आली की ताण पहिल्यांदा येतो तो रोजच्या दुकानावर.

हे श्रीमंत बेटांनाही चुकलेलं नाही. सिंगापूर घ्या, त्यांचं नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून येतं. १ जून २०२२ ला मलेशियाने स्वतःकडच्या टंचाईमुळे आणि भाववाढीमुळे कोंबड्यांची निर्यात थांबवली आणि सिंगापूरमध्ये चिकन राइस विकणाऱ्यांचे धाबे दणाणले, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या कोंबडीपैकी साधारण एक तृतीयांश तिथूनच यायची, तीही जिवंत, दोन देशांना जोडणाऱ्या कॉजवेवरून ट्रकमधून. ज्या पदार्थावर आख्खा देश छाती फुगवतो त्याचा मुख्य घटक पुलापलीकडचा! हवाईचे अंदाज साधारण तसेच, ८५ ते ९० टक्के अन्न जहाजाने आणि विमानाने येतं असं सांगतात, आणि ते सुद्धा अशा जमिनीत जिथे काय वाटेल ते उगवू शकतं.

आणि जर्सी-गर्न्सी. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रातली ही चिमुकली बेटं, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात होती. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं तेव्हा ही बेटं मागेच राहिली, फ्रान्सकडून येणारी रसद तुटली आणि बेटावरचे लोक आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारे सैनिक दोघंही उपाशी पडायला लागले. शेवटी डिसेंबर १९४४ च्या शेवटच्या आठवड्यात रेड क्रॉसचं 'व्हेगा' नावाचं जहाज अन्नाची पार्सलं घेऊन आलं, सुटका व्हायला पुढे ९ मे १९४५ उजाडला. त्या बेटांवर आजही व्हेगा म्हटलं की जुन्या माणसांना वेगळं काही सांगावं लागत नाही. बेटावरच्या माणसाच्या डोक्यात 'बोट आली नाही' हे वाक्य कुठल्या कप्प्यात असतं ते यावरून कळतं, आणि आपण टुरिस्ट त्याच वाक्यावर हसत असतो. मीही हसलोच की.

इथे एक गैरसमज नको. माझं म्हणणं असं अजिबात नाही की बेटावरच्या फेस्टिव्हलमध्ये फक्त बेटावर उगवलेलं आणि बेटाच्या पाण्यात पकडलेलंच पाहिजे. हा सोवळेपणा मला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर तो बाहेरून आलेल्या पाहुण्यांचाच हट्ट असतो, कारण त्यांना फोटोत 'अस्सल' पाहिजे असतं. होनोलुलुच्या वाइकीकीमध्ये दरवर्षी स्पॅमचा रस्त्यावरचा फेस्टिव्हल भरतो, स्पॅम जॅम. स्पॅम म्हणजे डब्यातलं मांस, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर बनलेलं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्याबरोबर हवाईत मुरलेलं. भातावर स्पॅमचा तळलेला तुकडा ठेवून वरून नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पट्टी गुंडाळायची, झाली मुसुबी, आणि ती तिथले लोक डब्याला नेतात, पेट्रोल पंपावर घेतात, पोरांच्या मॅचला नेतात. ते लोकल नाही म्हणणारा मी कोण? त्या फेस्टिव्हलमधून गरजूंना अन्न वाटणाऱ्या तिथल्या फूड बँकेलाही मदत जाते. तर डब्यातलं असलं तरी ते त्यांचं आहे कारण ते रोज खातात. याउलट बेटावरच पकडलेला महागडा मासा, जो तिथलं कोणीच घरी आणू शकत नाही आणि जो फक्त फेस्टिव्हलच्या बशीत तीन थेंब सॉसबरोबर दिसतो, तो पत्त्याने लोकल असेल, पण तेवढाच.

आता कोणासाठी या प्रश्नाकडे. मला माहीत असलेल्या सगळ्या उदाहरणांत आइसलँडमधल्या दाल्विकचं उदाहरण सगळ्यात भारी वाटतं आणि सगळ्यात जास्त विचारात पाडणारंही तेच आहे. उत्तर आइसलँडमध्ये एका फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या काठावर हे मासेमारीचं गाव, वस्ती दीड हजाराच्या आसपास. २००१ पासून त्यांनी ऑगस्टमधल्या एका शनिवारी 'मोठा मासे दिवस' सुरू केला, आणि त्याचा नियम असा की त्या आवारात काहीही विकायचं नाही. मासा फुकट, पिणं फुकट, गावातल्या मासळीच्या कंपन्या माल देणार, गावकरी शिजवणार आणि वाढणार, जो येईल तो जेवून जाणार. त्याहून भारी म्हणजे आदल्या शुक्रवारची रात्र. गावातली घरं आपापल्या दारात किंवा अंगणात माशाच्या सूपचं भांडं मांडून बसायची, दाराबाहेर मशाली पेटवून ठेवायची, मशाल पेटलेली दिसली की कोणीही अनोळखी माणसाने आत जायचं आणि वाटीभर सूप प्यायचं. प्रत्येक घराचं सूप वेगळं. कोणाकडे क्रीम जास्त, कोणाकडे करी पावडर. तिकीट, टोकन, बँड काही नाही.

विचार करा, पाहुण्याला तिथे ग्राहक म्हणून काही किंमतच नाही, तुम्ही कोणाच्या तरी घरी आलायत. तुम्ही आपोआप नीट वागता. रिव्ह्यू काय लिहिणार, 'सूपमध्ये मीठ थोडं कमी, तीन स्टार'? फुकट सूप पाजणाऱ्या आजींना?

पण गंमत पुढे आहे. या दीड हजाराच्या गावात चांगल्या वर्षी तीस हजार माणसं यायची म्हणतात, म्हणजे गावाच्या वीसपट. मध्ये कोविडमुळे काही वर्षं बंद राहिला, २०२३ मध्ये पुन्हा भरला आणि त्यानंतर तो कायमचा बंद करायचं ठरलं. मी काही तिथल्या कमिटीच्या मीटिंगला बसलो नव्हतो, पण वीस पाहुण्यांमागे एक यजमान हे गणित दरवर्षी किती दिवस चालणार हे कोणीही घरात एक लग्न काढलेला माणूस सांगेल. तर माझ्या मुद्द्याला हे उदाहरण पूर्ण सोयीचं नाही हे मान्य. पंगत एकच मांडली, मनापासून मांडली, तरी वर्षातून एकदाच मांडली की सगळं जग त्याच दिवशी येतं. म्हणूनच 'वारंवार' हा शब्द मी वर मुद्दाम लिहिलाय.

त्याचं उत्तर मला बार्बाडोसच्या ऑइस्टिन्समध्ये दिसतं. दक्षिण किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव, मासळी बाजाराशेजारी टपऱ्यांची रांग, आणि दर शुक्रवारी रात्री फिश फ्राय. दर शुक्रवारी! वर्षातून बावन्न वेळा जी गोष्ट होते तिच्यासाठी कोणी विमानाचं तिकीट त्याच तारखेचं काढत नाही, गर्दी पसरते, आणि एका शुक्रवारी पाऊस आला तर कोणाचं वर्ष वाया जात नाही. फ्लाइंग फिश, मार्लिन, माही-माही, बाजूला मॅकरोनी पाय नाहीतर भात-शेंगा, मोठाल्या स्पीकरवर गाणी, एका कोपऱ्यात म्हातारी जोडपी जुन्या गाण्यांवर हात धरून नाचतायत, दुसरीकडे डॉमिनोज आपटण्याचा आवाज. हो, टुरिस्ट खूप असतात, शुक्रवारी तर फारच, आणि लोकल लोक म्हणतात आम्ही आपले मधल्या वारी जातो. अगदी बरोबर आहे, जाता येतं कारण टपऱ्या इतर दिवशीही चालू असतात! ईस्टरच्या सुमाराला तिथेच मासळीचा मोठा फेस्टिव्हल भरतो, त्यात मासा साफ करून काटे काढायची स्पर्धा असते, म्हणजे ज्या कामाकडे एरवी कोणी ढुंकूनही बघत नाही त्या कामाला त्या दिवशी टाळ्या. मला हे फार आवडतं.

त्याच बेटावर दरवर्षी फूड अँड रम फेस्टिव्हलही होतो, टुरिझमची सरकारी संस्था भरवते, नामवंत शेफ, तिकिटं, चकचकीत फोटो. तो बंद करा असं मी म्हणणार नाही, पण सरकारकडे एक डॉलर उरला असेल आणि ऑइस्टिन्सच्या टपरीमागची गटारं, लाइट, बर्फाचं मशीन आणि शेफच्या बिझनेस क्लासमध्ये निवड करायची असेल तर मला विचाराल तर बर्फाचं मशीन. विशेषतः १ जुलै २०२४ नंतर. त्या दिवशी बेरिल वादळाने बार्बाडोसच्या मच्छीमार बोटींची वाताहत केली, कितीतरी बोटी बंदरातच एकमेकींवर आपटून फुटल्या. बोट नाही तर मासा नाही, आणि मासा नाही तर मग शुक्रवारी तळणार काय, स्पीकर? आणि फ्लाइंग फिशची तर त्याहून जुनी रडकथा आहे, त्याच्या मागे मागे बार्बाडोसचे मच्छीमार त्रिनिदाद-टोबॅगोच्या बाजूला जायचे, पकडले जायचे, शेवटी दोन देशांचा सागरी हद्दीचा वाद आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि २००६ मध्ये निकाल लागला. नाण्यावर ज्याचं चित्र आहे, राष्ट्रीय पदार्थात जो आहे, तो मासा हद्दीपलीकडे पोहत जातो त्याला कोण काय करणार. आपण ताटात लिंबू पिळत असतो आणि त्या माशामागे एवढं रामायण असतं.

वेळेचा मुद्दा जर्सी-गर्न्सीवाल्यांनी चांगला पकडलाय. तिथे टेनरफेस्ट नावाचा प्रकार आहे, १ ऑक्टोबरपासून साधारण सहा आठवडे, बेटावरची रेस्टॉरंटं ठरलेल्या किमतीत दोन-तीन कोर्सचं जेवण देतात. टेनर म्हणजे दहा पाउंडाची नोट, सुरुवातीला खरंच दहा पाउंडात जेवण मिळायचं म्हणून हे नाव. गंमत तारखांत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे टुरिस्ट गेलेले असतात, वारा सुटलेला, दिवस लहान होत चाललेला, म्हणजे हा घाट बेटावरच्याच लोकांसाठी आहे, की बाबांनो उन्हाळाभर जिथे तुम्ही पाहुण्यांना वाढलंत तिथे आता तुम्ही येऊन बसा. उन्हाळ्यात ज्या हॉटेलच्या दारातला बोर्ड वाचून माणूस मान खाली घालून पुढे जायचा तिथे तो बायकोला घेऊन मंगळवारी जेवायला जातो, वेटर ओळखीचा निघतो, कारण एक लाखाच्या बेटावर कोण कोणाला ओळखत नाही? हॉटेलवाल्याला रिकाम्या दिवसांत चार पैसे मिळतात आणि स्टाफला हिवाळ्यात घरी बसावं लागत नाही. आता दहा पाउंडात फारसं काही येत नाही, मेन्यूच्या किमती पायरी पायरीने वर गेल्यात, आणि जर्सीत तर वाण्याच्या दुकानातल्या अन्नावरसुद्धा पाच टक्के जीएसटी आहे ज्यावरून दर काही वर्षांनी भांडण होतं. नावात टेनर आणि बिलात भलतंच यावर लोक कुरकुर करतात, करू देत, तारखा मात्र बरोबर आहेत.

जर्सीतच शरद ऋतूत ब्लॅक बटर बनवायचा कार्यक्रम होतो, तिथल्या भाषेत त्याला न्येर बर म्हणतात. नावात बटर असलं तरी लोणी नाही, सफरचंद, सायडर म्हणजे सफरचंदाची दारू, ज्येष्ठमध, मसाले असं सगळं मोठ्या कढईत घालून चुलीवर रात्रभर, दिवसभर ढवळत राहायचं, पूर्ण काळंभोर होईपर्यंत. आधी लोक गोल बसून सफरचंदं सोलतात, गप्पा मारतात, मग पाळ्या लावून ढवळतात. तिथला नॅशनल ट्रस्ट, म्हणजे बेटाचा वारसा जपणारी संस्था, हे अजून चालवतो आणि बाहेरचा माणूस आला तर त्याच्या हातात सुरी देतात. फेस्टिव्हलमध्ये पाहुण्याला काम देणं हा मला सगळ्यात चांगला शिष्टाचार वाटतो, निदान त्या दिवसापुरता तो गर्दी राहत नाही.

आता पुन्हा सिंगापूर, कारण वारंवार आणि साधेपणाने याचं टोक म्हणजे तिथली हॉकर सेंटरं. साठच्या दशकात रस्त्यावर गाड्या लावणारे विक्रेते सरकारने मोजले, लायसन्स दिली, आणि साधारण १९७१ ते १९८६ या काळात त्यांना रस्त्यावरून उचलून नळ-नाली असलेल्या छपराखाली नेऊन बसवलं. आज शंभरावर सेंटरं आहेत, टॅक्सीवाला आणि बँकवाला एकाच टेबलावर बसतो, जागा धरायला टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, ते कोणी उचलत नाही. २०१६ मध्ये तिथल्या दोन हॉकर स्टॉलना मिशेलिन स्टार मिळाला, २०२० च्या डिसेंबरमध्ये हॉकर संस्कृती युनेस्कोच्या यादीत गेली. देशाचा अधिकृत सिंगापूर फूड फेस्टिव्हल १९९४ पासून चालू आहे, तो पण छान असेल, पण सिंगापूर का खाण्यासाठी ओळखलं जातं ते त्या फेस्टिव्हलमुळे नाही, हे तिथल्या टुरिझम बोर्डालाही माहीत असणार. खरी काळजी तिथे दुसरीच आहे, हॉकर म्हातारे होतायत, सरासरी साठीच्या आसपास आलेत, आणि पहाटे चारला उठून फिशबॉल वळायला पुढची पिढी तयार नाही. यावर उपाय म्हणून आणखी एक फेस्टिव्हल काढला तर त्यात उभं कोण राहणार?

आणि भाडं. हे तर फेस्टिव्हल भरवणारे कधी बॅनरवर लिहीत नाहीत. स्टॉलची जागा लिलावात जाते किंवा कंत्राटदाराकडे जाते, भाडं हजारोंच्या घरात, मग ते वसूल करायचं कसं? घरगुती, मेहनतीचे, थोडा नफा देणारे पदार्थ आपोआप बाद होतात आणि जे स्वस्तात होतं, दिसायला भडक आहे, महाग विकता येतं ते राहतं. सिंगापूरमध्येच गेलांग सेराईला रमजानचा मोठा बाजार भरतो, मलय समाजाचा जुना लाडका बाजार, आणि तिथल्या भाड्यावरून दरवर्षी चर्चा असते, पारंपरिक पदार्थांच्या जागी फोटोत चांगले दिसणारे ट्रेंडी प्रकार आले ही तक्रारही नेहमीची. चूक विक्रेत्याची नाही. एवढं भाडं भरल्यावर मीही सात रंगांचं काहीतरी विकलं असतं. म्हणून माझ्या मते सार्वजनिक जागेवर, सार्वजनिक पैशातून फेस्टिव्हल असेल तर बेटावर राहणाऱ्या विक्रेत्याला भाडं नाममात्र पाहिजे आणि बाकी खर्च बाहेरून येणाऱ्या मोठ्या ब्रँडकडून काढावा. याला लगेच कोणी म्हणेल हा भेदभाव आहे. असेल. धक्क्यावर गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत बेटवासीयांना सवलत बऱ्याच ठिकाणी असते, तेव्हा कोणी ओरडत नाही.

समोरच्या बाजूचं म्हणणं कच्चं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. छोट्या बेटांचं पोट टुरिझमवर चालतं, मोठ्या फेस्टिव्हलमुळे बेटाचं नाव होतं, आणि नाव झालं की मग वर्षभर लोक येतात, हा मुद्दा खरा आहे. फक्त आलेला पैसा बेटावर थांबतो किती हे कोणी तरी मोजावं. टुरिझमवाले याला गळती म्हणतात, पाहुणा शंभर रुपये खर्च करतो, त्यातले दारूचे बाहेर गेले, मांसाचे बाहेर गेले, तंबूवाला बाहेरचा, साउंडवाला बाहेरचा, हॉटेलची साखळी बाहेरची, शेवटी बेटावर राहिलं काय, तर पोरांना तीन दिवसांची वाढप्याची मजुरी आणि सोमवारचा कचरा. तो कचराही पुन्हा बोटीनेच बाहेर न्यावा लागतो कित्येक ठिकाणी. ऑइस्टिन्सच्या टपरीवर दिलेले पैसे मासेवाल्याकडे, तळणारीकडे, तिच्या पोरीच्या शाळेकडे असे गावातच दोन-तीन फेऱ्या मारतात.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. बेटावरच्या लोकांनाच कधी कधी बाहेरचं खायचं असतं! वर्षभर तीच आठ हॉटेलं, तोच मेन्यू, तोच तळलेला मासा, आणि तू येऊन सांगणार की पारंपरिकच खा? फेस्टिव्हलला कोणी कोरियन स्टॉल लावला आणि त्याच्यापुढे आख्खं गाव रांगेत उभं राहिलं तर तोच त्यांच्यासाठीचा फेस्टिव्हल झाला ना. झालाच. शिवाय बेटावरची माणसं म्हणजे कोण, हाही प्रश्न आहेच. जर्सीत बारा-तेरा जणांमागे एक जण पोर्तुगालमध्ये, त्यातही मदेराकडे जन्मलेला आहे, हॉटेलांची स्वयंपाकघरं आणि बटाट्याची शेतं त्यांनी कित्येक वर्षं सांभाळली. मदेरा हे पण बेटच. एका बेटाचा माणूस दुसऱ्या बेटावर जाऊन सळईला लावलेलं मांस भाजतो आणि तिथली पोरं ते लहानपणापासून खातात, तर ते जर्सीचं जेवण नाही तर कोणाचं?

एक गोष्ट मात्र अशी आहे जिथे मी थोडा जुन्या वळणाचा आहे, ती म्हणजे तारीख समुद्राने ठरवावी. फेस्टिव्हलची तारीख वर्षभर आधी छापली की त्या तारखेला तो मासा पाहिजेच, मग हंगाम असो नसो, अंडी धरलेली असोत, काही असो, नाहीतर डीप फ्रीज आणि बोट आहेच. गर्न्सीत ऑर्मर नावाचा शंखासारखा प्राणी खातात, एका शिंपल्याचा, खडकाला चिकटून बसणारा. तो कधी काढायचा याला कायदा आहे, फक्त जानेवारी ते एप्रिल, तेही अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीच्या मोजक्या दिवशी, ठरावीक आकाराच्या खालचा परत ठेवायचा, आणि पाण्यात बुडी मारून काढायचा नाही, किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात दगड उलटवून हाताला लागेल तेवढाच. साठच्या दशकाच्या शेवटी एकाला बुडी मारून काढताना पोलिसाने पाण्याखालीच पकडलं होतं म्हणतात, पाण्याखालची जगातली पहिली अटक म्हणून तो किस्सा तिथे अजून सांगतात. थंडीत लोक बूट घालून, हातात आकडा घेऊन खडकांवर जातात, मिळाले तर घरी नेऊन ठोकून ठोकून मऊ करतात आणि तासन्‌तास शिजवतात. याचा फेस्टिव्हल करता येणार नाही, तिकीट विकता येणार नाही, आणि बहुतेक त्यामुळेच तो अजून आहे.

तर कोणी बेटावर फूड फेस्टिव्हल काढायच्या बेतात असेल तर माझ्यासारख्या पाहुण्याचं मत न घेता त्या दुधाच्या फ्रीजसमोर उभ्या असलेल्या बाईंना आधी विचारावं, कधी करू, किती रुपयांत ठेवू, आणि त्या आठवड्यात बोटीत फेस्टिव्हलचा माल आधी चढवायचा की दुकानाचा? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या काय देतील हे सांगायला सर्व्हे लागत नाही.

आम्ही येत्या वर्षी पुन्हा एका बेटावर जायचं म्हणतोय, ऑफ सीझनला, फेस्टिव्हल नसताना. बायकोने बॅगेत दुधाची पावडर आत्ताच टाकून ठेवलीय.